एका जागेवरच्या दोघी

मी विमा एजंट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तीस वर्षं हे काम करूनही कुडाळच्या बाजारात मला बघून रस्ता ओलांडणारी माणसं आहेत. त्यांना वाटतं, लोबो मॅडम आता पिशवीतून पॉलिसीचा फॉर्म काढणार. लग्नाला गेले तर माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरते. एकदा तर चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर एका गृहस्थांनी मला दारातच गाठलं आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "बाय, माझो विमो काडून झालो हां!"

माझं काम वेगळं होतं. ज्या मालकाकडे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, त्याला त्यांची नावं सरकारी कामगार विम्यात घालावी लागतात. कामगाराच्या पगारातून चिमूटभर कापायचं, मालकाने आपल्या खिशातून त्याच्या चौपटीहून थोडं जास्त घालायचं आणि दर महिन्याला भरायचं. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषधपाणी, ऑपरेशन, आजारपणात पगाराचा काही हिस्सा, बाईला बाळंतपणाची पगारी रजा, आणि कामावर हात-पाय गेला तर जन्मभर पेन्शन. योजना चांगली आहे, मी तिची नेहमी बाजू घेते. तिच्यात अडचण एकच. नावं आणि कामाचे दिवस मालकाने द्यायचे असतात. मालक देईल ते मी संगणकावर चढवायचं. दारावर 'कन्सल्टंट' अशी पाटी होती खरी, पण काम कारकुनाचंच.

बाहेरच्यांना वाटतं की मालकांच्या चुका म्हणजे लबाडी. अहो, लबाड माणूस नावंच देत नाही, तो माझ्या जिन्याच्या पायऱ्या कशाला चढेल? माझ्याकडे यायचे ते भले लोक, आणि भल्या माणसाची चूक सापडायला फार वेळ लागतो. तारकर्लीला एक लॉजवाला होता. पावसाळ्यात लॉज बंद. हा दर जूनला सगळ्यांच्या नावापुढे 'काम सोडले' लिहायचा आणि ऑक्टोबरात त्याच माणसांना 'नवीन कामगार' म्हणून पुन्हा घालायचा. मी ओरडले तर म्हणतो, "खोटा कशाक लिवचा? पावसात कोण कामाक येता?" आधार जोडायच्या आधीचे दिवस ते. त्याच्या स्वयंपाकघरातल्या एका मुलीचे असे चार विमा क्रमांक झाले. कागदावर चार बायका, आणि बाळंतपणाच्या पगाराला लागतात तेवढे दिवस चौघींपैकी एकीचेही नाहीत. बाळ मात्र एकच झालं. ते सगळं निस्तरेपर्यंत ते रांगायला लागलं होतं. दुसऱ्या एका बर्फाच्या कारखानदाराने सगळ्या कामगारांची जन्मतारीख एक जून लिहून आणली. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहीत, त्यामुळे त्याला त्यात काही गैर वाटलं नाही. "हे सगळे एकाच दिवशी जन्मले?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुमचीय तीच घालू काय?"

असल्या गोष्टी मी चारचौघांत सांगते आणि लोक हसतात. मीही हसते. पण एक चूक मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तिच्यात माझाही हात होता.

कुडाळहून मालवणकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की आप्पांचा काजूचा कारखाना लागे. आप्पा हे त्यांचं खरं नाव नाही, पुढची नावंही मी बदलली आहेत. सत्तरीचे, धोतर-सदरा, कामगार बायकांना एकेरीत हाक मारणारे आणि त्यांच्या घरातल्या बारशाला न चुकता जाणारे. अठ्ठावीस बायका कामाला. कच्चा काजू वाफवायचा, फोडायचा, गर सुकवायचा, साल काढायची, आणि तुकडा-अख्खा वेगळा करायचा. काजूचं तेल अंगाला लागलं तर कातडी सोलून निघते. तिथल्या बायकांचे हात मी बघितले आहेत, राखेने घासून घासून काळे पडलेले. तरी तिथे जागा मिळावी म्हणून आसपासच्या वाड्यांत ओढाताण चाले, कारण दुसरं काम नव्हतं.

ही 'जागा' काय ते नीट सांगायला हवं. आप्पांच्या वडिलांपासूनची रीत अशी की कारखान्यात जागा मिळायची ती बाईला नाही, घराला. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाची जागा अमक्या घराची, मशीनजवळची तमक्या घराची. सासू थकली की तिच्या जागेवर सून बसणार. दोन जावा असल्या तर आज ही, उद्या ती. कुणाचं पोर तापलं, कुणाकडे लावणी निघाली, कुणाला अडचण आली, तरी जागा रिकामी राहायची नाही. पगार महिन्याला एकदा त्या घराचा म्हणून मोठीच्या हातात. आप्पा मोठ्या अभिमानाने सांगत, "माझ्याकडे माणसां कामाक येनत नाय, घरां येतत." मला ते ऐकायला फार आवडायचं. दिवाळी अंकात लिहिण्यासारखं वाक्य, असं मनात आल्याचंही आठवतं. म्हणजे बघा, किती शहाणी होते मी.

विमा लागू झाला तेव्हा आप्पा यादी घेऊन स्वतः जिना चढून आले. शाळेच्या वहीचा कागद, अठ्ठावीस नावं, सोबत आधार कार्डांच्या झेरॉक्स. मी वयं बघितली. बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या.

"आप्पा, तुमच्याकडे तरण्या बायका नाहीत की काय?"

"आसत तर! पण घरातल्या मोठीचाच नाव घालतलंय ना? मान आसता तेंचो."

मला तो विनोद वाटला. हसले आणि चढवली नावं.

मालक वाईट असता तर मी दोनदा विचारलं असतं. पण आप्पा आपला हिस्सा दर महिन्याला ठरल्या तारखेच्या आत भरायचे, कधी कटकट नाही, कधी सूट मागितली नाही. आणि हजेरी! अठ्ठावीस बायका, प्रत्येकीचे सव्वीस दिवस. भातलावणीच्या महिन्यात सव्वीस, गणपतीच्या महिन्यात कारखाना बंद असेल तेवढे दिवस सोडून बाकी सगळे. कोकणातली कुठली बाई गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत न चुकता काजू फोडते हो? मला ते दिसत होतं. एवढी स्वच्छ हजेरी माझ्या कुठल्याच अशिलाची नव्हती. तिच्यामुळे माझं काम दहा मिनिटांत व्हायचं, म्हणून मी त्यावर कधी बोट ठेवलं नाही. मला त्याची लाज वाटते.

त्या अठ्ठाविसांत एक नाव होतं शेवंतीचं. तिची जागा मशीनजवळ. हाता-पायाच्या जुन्या कटरांशिवाय आप्पांनी मोटरवर चालणारं एक कापणीचं मशीन घेतलं होतं, त्याच्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. शेवंतीचा नवरा दत्ताराम आधी होडीवर जायचा. मग छातीत दुखायला लागलं, चार पावलांवर दम लागायचा. डॉक्टरांनी बायपास सांगितली. ते लाखांचं काम, त्या घराच्या सात पिढ्यांनी लाख बघितला नव्हता. पण शेवंतीचा विमा होता, आणि विम्यात नवरा येतो. कागद मी केले. चार वेळा परत आले, चार वेळा पाठवले, आणि शेवटी मंजुरी आली. शिमगा झाला की ऑपरेशन, अशी तारीख मिळाली. करार असलेलं मोठं हॉस्पिटल, एक पैसा द्यायचा नाही. शेवंती घरच्या कोकम-सोलांची पिशवी घेऊन ऑफिसात आली आणि खुर्चीत न बसता उभीच राहिली.

"मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू?"

"बस गो आधी. उपकार कसले? तुझ्याच पगारातून कापलेत." असं मी म्हणाले खरी, पण त्या दिवशी मी खूश होते. तीस वर्षांत असे दिवस मोजून यायचे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास आप्पांचा फोन आला.

"मॅडम, शेवंतीचो हात गेलो. पट्ट्यात गावलो."

"खंय आसा ती?"

"कुडाळाक नेल्यानी. दोन बोटां गेली, उजव्या हाताची. तुमी कायता करा."

कामावरचा अपघात लगेच कळवायचा असतो. वेळ गेला की कार्यालय शंका घेतं. मी चहा तसाच ठेवला, संगणकासमोर बसले आणि तासाभरात शेवंतीच्या नावाने अपघाताचा अहवाल पाठवून दिला. जागा, वेळ, यंत्र, इजा. एकही रकाना रिकामा नाही. मग उन्हाची छत्री उचलून हॉस्पिटलात गेले.

वॉर्डाच्या दारात शेवंती उभी होती. दोन्ही हात धड. मी तिच्या हातांकडे बघतच राहिले.

"तुका काय झाला नाय?"

"माका नाय मॅडम. सुजाता. माझी जाव." आणि ती रडायला लागली.

आत खाटेवर तिशीची बाई, हाताला बँडेजचा गोळा. सुजाता, शेवंतीची धाकटी जाऊ. नवरा गोव्याच्या ट्रॉलरवर, दोन पोरं शाळेत जाणारी. त्या दिवशी जागेवर तिची पाळी होती. आप्पांनी फोनवर खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात ती जागा शेवंतीची, म्हणून हात शेवंतीचा. हॉस्पिटलच्या कागदावर सुजाताने आपलं खरं नाव, आपलं आधार दिलं होतं. आणि माझ्या अहवालात शेवंती. मी तो नेहमीपेक्षा लवकर पाठवला होता, त्याचा मला जाताना रिक्षात अभिमानही वाटत होता.

आप्पा व्हरांड्यात बाकावर बसलेले. त्यांच्याजवळ बसून मी सगळी जागांची भानगड पहिल्यांदा नीट विचारून घेतली. पाच वर्षांपूर्वी एका वाक्यात विचारता आली असती. अठ्ठावीस नावांमागे चाळीसेक बायका होत्या.

"आता काय करूया?" आप्पा म्हणाले. "सुजाताचा नाव आज घातला तर?"

"अपघातानंतर घातलेलं नाव दिसतं आप्पा. तारीख आपोआप पडते."

ते हळूच म्हणाले, "मग सुजाताच शेवंती असा म्हणूया. हॉस्पिटलात नाव चुकला म्हणान सांगाया. घर तर एकच आसा ना?"

शेवंती ऐकत होती. ती लगेच तयार झाली. "व्हय मॅडम, तसाच करा. पेन्शन माझ्या नावार येऊ दे, मी तिच्या हातात देतलंय. देवाची शपथ."

ती देणार होती, ह्यात मला शंका नाही. पण मला राग आला, दोघांचा आणि माझाही. मी म्हटलं, "अगो, पेन्शन ठरवायला डॉक्टरांचं मंडळ बसतं. ते शेवंतीला बोलावतील. शेवंती, तू जातलंस आणि हात पुढे करतलंस. किती बोटां मोजतले ते?"

बाजूच्या बाकावरची एक म्हातारी आमच्याकडे वळून बघायला लागली.

मग मी त्यांना नियम सांगितला. कामावर अपघात झाला तर मालकाने नाव घातलेलं असो वा नसो, कामगार तो कामगारच. सुजाताला पेन्शन मिळू शकते, सरकार देतं आणि मालकाकडून वसूल करतं. फक्त त्या दिवशी त्या जागेवर तीच कामाला होती, हे सिद्ध व्हायला हवं. पण ते सिद्ध झालं की शेवंतीची हजेरी खोटी ठरणार. एकाच जागेवर एकाच वेळी दोघी कशा? तिच्या विम्याची चौकशी होणार आणि दत्तारामच्या ऑपरेशनची मंजुरी त्या विम्यावर होती.

हे मी बोलले तेव्हा शेवंतीने पदराचं टोक तोंडात धरलं. एका घरातल्या दोघी. एकीच्या जन्माची भाकरी, दुसरीच्या नवऱ्याचा जीव. आप्पा म्हणाले, "मी दितंय पैसे ऑपरेशनचे." पण बोलतानाच त्यांच्याही लक्षात आलं असावं की कारखान्यावर दंड बसणार, वसुली येणार. ते आकडे मी त्यांना तिथे सांगितले नाहीत.

हॉस्पिटलच्या कागदात सुजाता आणि माझ्या अहवालात शेवंती, हे जुळेना म्हणून चौकशी लागली. तिला विमा कार्यालयाचा अधिकारी आला तो घाटावरचा, तरुण, कोरड्या चेहऱ्याचा. माणूस वाईट नव्हता. कारखान्यात टेबल पुसून त्याला खुर्ची दिली. सगळ्या बायका भिंतीला लागून उभ्या. आप्पांनी त्यांना काय सांगायचं ते आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की, अपघात झाला तेव्हा गडबड झाली, कोण होतं ते बघितलं नाही. मला ते ठाऊक होतं, मी अडवलं नाही. सुजाता घरी होती, तिला ताप होता.

अधिकाऱ्याने एकेकीला विचारलं. "तुम्ही बघितलं का?" "नाय साहेब." "ह्या मशीनजवळ त्या दिवशी कोण बसलं होतं?" "ध्यानात नाय साहेब." एरवी ह्या बायकांना शेजारणीने गेल्या बुधवारी कसली आमटी केली होती तेही ध्यानात असतं. साहेब प्रत्येक उत्तर शांतपणे लिहून घेत होता. अशी आठ-दहा उत्तरं झाली असती तर सुजाताची फाइल तिथेच बंद झाली असती. साक्षीदार नाही, हजेरीत नाव नाही, पगारपत्रकावर सही नाही. ती बाई त्या कारखान्यात कधी आलीच नव्हती असं ठरलं असतं.

मग शेवंतीची पाळी आली. साहेबाने तिचं नाव वाचलं, हजेरीपट बघितला.

"तुमची तर त्या दिवशी हजेरी लागलेली आहे. तुम्ही कुठे होतात?"

शेवंतीने एकदा आप्पांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खाली बघितलं. हे लिहायला सोपं नाही, पण मी खाली बघितलं.

तिने दोन्ही हात पुढे केले. काळे, भेगाळलेले. आणि शाळेतली मराठी जमवत जमवत म्हणाली, "साहेब, माझी धा बोटं आहेत. मोजून घ्या. त्या दिवशी जाग्यावर ती होती. मी घरी होते, घोवाच्या पायाला सूज होती म्हणून. हजेरी माझी लागली तर लागली, बोटं तिची गेली ना?"

एवढं झाल्यावर बाकीच्या बायकांनाही आठवायला लागलं. एक म्हणाली, रक्त मीच पुसलं. दुसरीने सांगितलं, पट्ट्यावरची जाळी सकाळी साफसफाईसाठी काढली होती ती परत बसवलीच नव्हती. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. साहेबाने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "काही लेखी आहे का? तोंडी चालणार नाही."

"आसा," शेवंती म्हणाली आणि घर जवळच होतं तिथे जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. शिवाय दोरा बांधून ठेवलेली मागच्या सालांची. रोजच्या चौकोनात एक तर पेनाची उभी रेघ, नाही तर ठिपका. रेघ म्हणजे शेवंती कामाला गेली, ठिपका म्हणजे सुजाता. पगार एकत्र यायचा, तो दोघींनी आपापल्या दिवसांप्रमाणे वाटून घ्यायचा, म्हणून ही खूण. पाच वर्षांत एक चौकोन चुकवला नव्हता. मी पाठवलेल्या हजेरीपेक्षा ते शंभर पटीने खरं होतं. अपघाताच्या तारखेला ठिपका होता. साहेबाने त्या पानाचा फोटो काढला.

जाताना त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"मी विचारलं नाही," मी म्हटलं. मला नोटीस आली ती महिन्याभराने, आप्पांबरोबर. मी दंड भरला आणि त्यात माझ्यावर काही अन्याय झाला असं मला वाटलं नाही.

सुजाताचं प्रकरण नीट पुढे गेलं. शेवंतीच्या विमा क्रमांकावर मात्र स्थगिती आली. नियमाने जायचं तर दुसरं काही होणारच नव्हतं, दिलेले दिवस खोटे आहेत हे तिने स्वतः सांगितलं होतं. खरे दिवस किती ते ठरेपर्यंत सगळे लाभ बंद. ऑपरेशनची तारीख गेली. मी कॅलेंडरं घरी आणली आणि स्थगिती उठवावी म्हणून अर्ज लिहायला बसले.

जेवणाच्या टेबलावर पानं पसरून मी रेघा आणि ठिपके वेगवेगळे मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. शेवंती निम्म्याहून थोडे जास्त दिवस गेली होती, सुजाता निम्म्याहून थोडे कमी. विम्याला दर सहा महिन्यांत लागतात तेवढे दिवस शेवंतीच्या रेघांचेही भरत होते आणि सुजाताच्या ठिपक्यांचेही. दरेक सहामाहीत. म्हणजे पहिल्याच दिवशी दोघींची नावं घातली असती आणि खरे दिवस लिहिले असते, तर दोघींचाही विमा चालू राहिला असता. सुजाताला पेन्शन मिळाली असती, दत्तारामचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं असतं, आणि कुणाला कुणासमोर हात पुढे करावे लागले नसते. दोन फॉर्म जास्त भरायचे होते, एवढंच.

अर्ज पाठवला. मध्ये मी दुसऱ्या योजनांच्या खिडक्या धुंडाळल्या. कुठे रेशनकार्डाचा रंग आडवा आला, कुठे रांग. आप्पांनी जमीन विकायला काढली होती, ती विकली जायच्या आधीच, श्रावणात, दत्ताराम न्हाणीघराच्या दारात बसला तो उठला नाही. त्यानंतर एकोणीस दिवसांनी माझ्या ऑफिसच्या मेलवर उत्तर आलं. शेवंतीचे प्रत्यक्ष दिवस पुरेसे असल्याने स्थगिती उठवण्यात येत आहे.

गणपती झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. सुजाताच्या पेन्शनचा आदेश आला होता तो द्यायला आणि कॅलेंडरं परत करायला. स्थगिती उठल्याचं दुसरं पत्रही छापून पिशवीत घेतलं होतं. सुजाता पोरांना आणायला शाळेत गेली होती. शेवंती एकटीच खळ्यात सुपारी सोलत बसली होती. कपाळ मोकळं. मी आदेश वाचून दाखवला. दर महिन्याला, जन्मभर, असं दोनदा सांगितलं. तिने कागद हातात घेऊन कपाळाला लावला. तिला खरंच आनंद झाला होता.

मग ती म्हणाली, "मॅडम, एक इचारू?"

"इचार गो."

"आप्पा पयलेच खेपेक नावां मागूक इल्ले तेव्हा तेनी म्हटलेला, दोघींची देतास? मीच म्हटलंय, धाकटीक कागदात कित्याक? माझा एकटीचा घाला. मान म्हणान." सुपारी सोलायची थांबली नव्हती. "तेव्हा दोघींची घातली असती, तर ह्येंका ऑपरेशन गावला असता काय?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. इतक्या वर्षांत मी मालकांना, अधिकाऱ्यांना, बिशपच्या शाळेच्या ट्रस्टींनासुद्धा तोंडावर खरं ते सुनावलं आहे. त्याबद्दल मी बदनाम आहे.

"नाय गो," मी म्हटलं. "दोघींची घातली असती तर दिवस वाटले गेले असते, कुणाचेच पुरले नसते."

"खरा?"

"खरा."

तिने सुपारी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले आणि मोठा श्वास सोडला. "मगे बरा. माका वाटत होता, माझ्या त्या एका शब्दान ते गेले." मग उठून आत गेली, कोयता आणला, परसातलं एक शहाळं पाडलं आणि तासून माझ्या हातात दिलं. मी ते तिच्यासमोर बसून प्यायले.

मी ते तिच्यासाठी बोलले की स्वतःसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. पहिल्या खेपेला आप्पांना विचारायचं काम तिचं नव्हतं, माझं होतं. त्या घराच्या बाबतीत मी एकदा खोटं लिहिलं आणि एकदा खोटं बोलले. लिहिल्याबद्दल मला नोटीस आली.